छटाकभर मीठ

‘छटाकभर’ हा शब्द मराठीत आता बहुधा चिडवण्यापुरता उरला आहे. “एवढंसं छटाकभर पोर, पण बोलणं बघा!” यातला छटाक म्हणजे नेमका किती, हे बोलणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि ऐकणाऱ्यालाही. किलोग्रॅम आले आणि छटाक वाण्याच्या तागडीतून उतरला, तो थेट म्हणीवाक्प्रचारांच्या अडगळीत जाऊन पडला. शेराचा सोळावा हिस्सा म्हणजे छटाक. पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणून छटाक पाच तोळ्यांचा. इंग्रजी अमदानीत १८३३ साली तोळा १८० ग्रेनचा ठरला, म्हणजे आजच्या मापात ११.६६ ग्रॅमचा. त्याची पाचपट केली की छटाक भरतो ५८.३ ग्रॅम.

अकरावीचं रसायनशास्त्र ज्याने कधीतरी घोकलं आहे, त्याचे कान या आकड्याने टवकारतील. मिठाचं, म्हणजे सोडियम क्लोराइडचं, रेणुवस्तुमान ५८.४४. तेवढे ग्रॅम मीठ तोललं की हातात येतं एक मोल मीठ. आमच्या आज्या-पणज्या छटाकभर मीठ आणायला पोराला वाण्याकडे पाठवत, तेव्हा जवळजवळ नेमकं एक मोल मीठ घरी येत होतं. फरक फक्त दहा-बारा सेंटिग्रॅमचा. हा निव्वळ योगायोग आहे, त्यात कुणा पूर्वजाचं शहाणपण शोधायला जाऊ नये. पण मोल या मापाची कुळकथा सांगायला बसलं, की तागडी, तोळा, चांदीचा रुपया आणि मीठ या चारही गोष्टी वाटेत भेटतातच.

आधी शब्दाचा गोंधळ मिटवू. मराठी मुलाच्या कानाला ‘मोल’ परका वाटत नाही. मोलमजुरी, मोलकरीण, अनमोल, मोलाचा सल्ला: संस्कृतातलं मूल्य प्राकृतात ‘मोल्ल’ झालं आणि मराठीत मोल होऊन राहिलं. रसायनशास्त्रातला मोल मात्र दुसऱ्याच घरचा. लॅटिनमध्ये ‘मोलेस’ म्हणजे ढीग, मोठा भार. त्यावरून फ्रेंचांनी ‘मोलेक्यूल’ केला, म्हणजे इवलासा ढीग, आपण ज्याला रेणू म्हणतो तो. जर्मन भाषेत त्याचं ‘मोलेक्यूल’च राहिलं आणि १८९०च्या दशकात लाइपझिगच्या विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी त्याची शेपूट छाटून ‘मोल’ हा शब्द मापासाठी वापरात आणला. गंमत अशी, की मोठ्या ढिगापासून निघालेला शब्द आधी अतिसूक्ष्म कणाचं नाव झाला आणि शेपूट छाटल्यावर पुन्हा ढिगाकडे परतला. मोल हा रेणूंचा ढीगच आहे, फक्त मोजून ठेवलेला.

आणि तो मोजायचा कसा, तर तागडीने. हे समजायला रुपयाभार आठवावा. जुन्या घरगुती औषधांच्या टिपणांत ‘रुपयाभार ओवा, रुपयाभार सुंठ’ असं लिहिलेलं असायचं. चांदीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा होता, त्यामुळे तो नाणंही होता आणि वजनही. सावकाराने थैलीतले रुपये एकेक करून मोजायची गरज नव्हती. थैली ८० तोळे भरली तर आत ८० रुपये. एका दाण्याचं वजन ठाऊक असेल आणि सगळे दाणे सारखे असतील, तर तोलणं हीच मोजणी. रसायनशास्त्राला ही युक्ती साधायला मात्र शंभराहून अधिक वर्षं लागली, कारण त्याचे दाणे दिसत नव्हते आणि एका दाण्याचं वजन कुणालाच ठाऊक नव्हतं.

दाणे दिसत नसताना लोकांनी प्रमाणं तरी पकडली. येरेमियास रिश्टर हा कोनिग्सबर्गला कांटच्या हाताखाली शिकलेला माणूस. रसायनशास्त्र म्हणजे उपयोजित गणितच, अशी त्याची धारणा. किती आम्लाला किती अल्क पुरतं, याचे तक्ते त्याने मांडले आणि १७९२ मध्ये या हिशेबाला ‘स्टॉइकिओमेट्री’ असं जिभेची परीक्षा पाहणारं नाव दिलं. १८१४ मध्ये इंग्लंडच्या विल्यम वोलस्टन यांनी अशा ‘तुल्यभारां’ची सरकपट्टीच बनवली. पट्टी सरकवा आणि अमुक इतक्या मिठाला तमुक इतका चांदीचा क्षार पुरेल हे वाचून घ्या. कण किती, हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. कशाला किती पुरतं, एवढंच विचारलं.

या विचारसरणीचा सगळ्यात सुंदर प्रयोग झाला पॅरिसच्या टांकसाळीत, तोही साध्या मिठावर. चांदीचा कस तेव्हा भट्टीत पाहत. नमुन्यात शिसं मिसळून हाडांच्या राखेच्या मुशीत तापवायचं, शिसं आणि हीण मुशीत जिरतं, शुद्ध चांदीचा मणी मागे राहतो, तो तोलायचा. पण थोडी चांदीही मुशीत जिरत होती आणि थोडी उडून जात होती. म्हणजे कस नेहमी खऱ्यापेक्षा कमी दिसायचा. टांकसाळीत कसाचे प्रमुख असलेले जोसेफ लुई गे-ल्युसाक यांनी १८३२ मध्ये भट्टीच बाजूला सारली. चांदी नायट्रिक आम्लात विरघळवायची आणि तिच्यात मिठाचं पाणी घालायचं. दह्यासारखा पांढरा अवक्षेप बसतो, तो सिल्व्हर क्लोराइडचा. बाटली जोरात हलवायची, वरचं पाणी निवळू द्यायचं, पुन्हा थेंब टाकायचा. ढग उठेनासा झाला की चांदी संपली. किती मिठाचं पाणी खर्च झालं, यावरून चांदी किती होती ते कळतं.

त्यांनी मिठाचं द्रावण असं बांधलं होतं, की त्याच्या १०० मिलीलिटरने बरोबर एक ग्रॅम शुद्ध चांदी खाली बसावी. शेवटच्या कोपऱ्यासाठी त्याचंच दसपट पातळ द्रावण. त्याच्या एका मिलीलिटरला एक मिलिग्रॅम चांदी. आजच्या भाषेत उलगडायचं तर, एक ग्रॅम चांदीला ०.५४२ ग्रॅम मीठ लागतं, म्हणून लिटरमध्ये ५.४२ ग्रॅम, म्हणजे ०.०९२७ मोलर. हा आकडा ओबडधोबड दिसतो, कारण तो मिठाच्या सोयीचा नाहीच, चांदीच्या ग्रॅमच्या सोयीचा आहे. हे द्रावण फक्त चांदीशीच बोलायचं. सोड्याचा कस पाहायला दुसरं द्रावण, दुसरी भाषा. ब्युरेट आणि पिपेट ही नावं गे-ल्युसाकनीच १८२४ मध्ये रूढ केली. नळ्या सगळ्यांच्या सारख्या झाल्या होत्या, आतल्या द्रावणांची बोली मात्र गावोगाव वेगळी होती.

ती एक करण्याचं काम कोब्लेन्झच्या एका औषधविक्याने केलं. कार्ल फ्रीडरिश मोर यांचं अनुमापनावरचं पुस्तक १८५५ मध्ये आलं. ब्युरेटच्या खाली रबरी नळी आणि चिमटा ही त्यांचीच सोय. त्यांनी सुचवलेला नियम असा: कुठल्याही पदार्थाचा एक तुल्यभार, ग्रॅममध्ये, एक लिटर द्रावणात. त्याचं नाव नॉर्मल द्रावण. असं केलं की कुठलंही नॉर्मल आम्ल कुठल्याही नॉर्मल अल्काला तेवढ्यास तेवढं पुरतं. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत ‘एन बाय टेन’ हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या ऐकू यायचे, ते या घराण्याचे. पुढच्याच वर्षी मोरनी पाण्यातलं क्लोराइड मोजण्याची रीत दिली. त्या पाण्यात पिवळ्या पोटॅशियम क्रोमेटचे थेंब घालून सिल्व्हर नायट्रेट सोडायचं, क्लोराइड संपलं की लालसर विटकरी रंग उमटतो. आजही विहिरीचं पाणी खारं झालं का हे तपासताना ब्युरेटमधून हाच विटकरी रंग बोलावला जातो.

पण नॉर्मलमध्ये एक खोट होती. तुल्यभार पदार्थाचा नसतो, कामाचा असतो. तेच पोटॅशियम परमँगनेट आम्लात काम करतं तेव्हा त्याचा तुल्यभार रेणुभाराचा पाचवा हिस्सा, उदासीन पाण्यात तिसरा हिस्सा. एकाच बाटलीवर दोन चिठ्ठ्या. मजुराची मजुरी कामावर ठरावी तसं हे झालं. मजूर किती आले, ते मात्र त्यातून कळत नाही.

मजूर मोजायची वाट त्याआधीच दाखवून ठेवलेली होती, फक्त तिकडे कुणी वळलं नव्हतं. तुरिनजवळच्या आमेदेओ आव्होगाद्रो यांनी १८११ मध्ये मांडलं होतं, की सारख्या तापमान-दाबाखाली सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्याही सारखीच असते. म्हणजे वायू तोलून रेणूंची तुलना करता येते. ते जवळजवळ अर्धशतक दुर्लक्षित राहिलं. १८६० मध्ये कार्ल्सरूहला भरलेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत स्तानिस्लाओ कानिझारो यांनी ते पुन्हा ठणकावून मांडलं, त्यांच्या लेखाच्या प्रती हातोहात गेल्या आणि अणुभार-रेणुभारांचे आकडे हळूहळू एका रांगेत आले. रेणुभाराइतके ग्रॅम म्हणजे ‘ग्रॅम-रेणू’. त्याचंच लाडकं नाव ओस्टवाल्डनी ठेवलं मोल. आणि एक लिटर द्रावणात जितके मोल, ती त्या द्रावणाची मोलॅरिटी.

इथे या कथेतला सगळ्यात खट्याळ भाग येतो. ज्या ओस्टवाल्डनी मोलाचं बारसं केलं, त्यांचा अणूंवर विश्वासच नव्हता. त्यांच्या लेखी मोल ही हिशेबाला बरी पडणारी ग्रॅमची पुरचुंडी होती, आत दाणे आहेत हे मानायची गरज नव्हती. पुढे ब्राउनच्या गतीवरचं जाँ पेराँ यांचं काम पाहून, १९०८च्या अखेरीस, त्यांनी हार मानली. पेराँनीच मोलातल्या कणांच्या संख्येला आव्होगाद्रोचं नाव दिलं. म्हणजे आधी थैली शिवली गेली, तिला नाव मिळालं, बाजारात ती चालूही लागली आणि आत रुपये आहेत हे तिच्या शिंप्याने नंतर कबूल केलं.

मोलॅरिटीच्या सूत्रात वर मोल आणि खाली लिटर. विद्यार्थी वरच्या आकड्यावर जीव टाकतो, चुकतो मात्र खालच्यावर. लिटर पाण्याचं नव्हे, तयार द्रावणाचं धरायचं असतं. छटाकभर मीठ एक लिटर पाण्यात टाकलं तर द्रावण लिटरपेक्षा साधारण वीस मिलीलिटर जास्त भरतं आणि मोलॅरिटी एकऐवजी ०.९८ च्या आसपास राहते. म्हणून लांब मानेचा चंबू: आधी थोड्या पाण्यात मीठ विरघळवायचं, मग मानेवरच्या रेघेपर्यंत पाणी चढवायचं, पाण्याची खोलगट पातळी डोळ्यांच्या रेषेत आणून तिचा तळ रेघेवर बसवायचा. खोलीचं तापमान बदललं की द्रावण फुगतं-आकसतं, म्हणून चंबूवर तापमानही छापलेलं असतं.

आता या चंबूत मिठाचे किती कण आहेत? एक मोल, असं उत्तर १८८०च्या आधी कुणीही दिलं असतं. ते चूक होतं आणि ती चूक बर्फाने पकडली.

उन्हाळ्यात आइस्क्रीमचा पॉट फिरवलेल्या घरांना माहीत असतं, की नुसता बर्फ पुरत नाही, खडेमीठ टाकल्याशिवाय दूध घट्ट धरत नाही. विरघळलेला पदार्थ पाण्याचा गोठणबिंदू खाली ओढतो. ग्रेनोब्लच्या फ्रांस्वा राउल यांनी १८८०च्या दशकात हे खाली ओढणं चिकाटीने मोजलं. साखर घ्या, ग्लिसरीन घ्या, युरिया घ्या. एका किलो पाण्यात एक ग्रॅम-रेणू या प्रमाणात घेतलं तर गोठणबिंदू १.८६ अंशांनी उतरतो. पदार्थ कुठला याला किंमत नाही, कण किती याला आहे. मीठ मात्र हट्टी निघालं. पातळ द्रावणात ते जवळजवळ दुप्पट उतरवायचं, कॅल्शियम क्लोराइड जवळजवळ तिप्पट. हॉलंडच्या याकोबुस व्हान्ट हॉफ यांनाही परासरण दाबात हाच लोच्या दिसला. समीकरण जुळवायला त्यांनी एक गुणक घातला. क्षारांसाठी तो एकापेक्षा जास्त का येतो, याचं कारण मात्र त्यांच्यापाशी नव्हतं.

कारण स्वीडनमधल्या एका तरुणाच्या प्रबंधात पडून होतं. आयन हा शब्द आधीच जन्मला होता. १८३४ मध्ये मायकेल फॅरेडे यांनी विल्यम ह्यूएल या केंब्रिजच्या पंडिताच्या सल्ल्याने तो ग्रीकमधून घेतला, अर्थ ‘जाणारा’. विजेच्या ओढीने द्रावणातून एका टोकाकडे जाणारा तो आयन. पण फॅरेडेंच्या मते वीज सोडली की मग आयन तयार होतात. उप्साला विद्यापीठात १८८४ मध्ये स्वांते अऱ्हेनियस यांनी क्षारांच्या द्रावणातून वीज कशी वाहते यावर प्रबंध दिला. परीक्षकांनी त्याला जेमतेम उत्तीर्ण होण्याची श्रेणी दिली, ज्यावर विद्यापीठात शिकवण्याची जागा मिळणं शक्य नव्हतं. त्या उन्हाळ्यात रिगाहून एक प्राध्यापक मुद्दाम या तरुणाला भेटायला उप्सालाला आले आणि त्यांनी त्याला आपल्याकडे जागा देऊ केली. ते प्राध्यापक म्हणजे ओस्टवाल्ड. त्यांना अणू पटत नव्हते, पण माणसं नेमकी ओळखता येत होती.

अऱ्हेनियस यांचं म्हणणं १८८७ मध्ये पूर्ण रूपात छापून आलं, ओस्टवाल्ड आणि व्हान्ट हॉफ यांनी त्याच वर्षी सुरू केलेल्या नियतकालिकात. ते म्हणत होते, की मीठ पाण्यात पडताच, विजेचा स्पर्शही न होता, फुटतं. एक सोडियम आयन, एक क्लोराइड आयन. म्हणून एका मोलाचे दोन मोल कण होतात आणि गोठणबिंदू दुप्पट उतरतो. कॅल्शियम क्लोराइडचे तीन तुकडे, म्हणून तिप्पट.

लोकांनी खिल्ली उडवली आणि त्यांचा प्रश्न बिनतोड होता. सोडियम पाण्यात टाकला तर पेट घेतो, क्लोरीन विषारी वायू आहे. हे दोघं सुटे होऊन आमटीत बसले असतील तर आमटी पिवळसर-हिरवी का होत नाही, भडका का उडत नाही? उत्तर एका विद्युतभाराचं होतं. सोडियमचा अणू आणि सोडियमचा आयन ही नावाने सख्खी, स्वभावाने वैरी माणसं. भार आला की स्वभाव पालटतो. इंग्लंडचे हेन्री आर्मस्ट्राँग यांना हे अखेरपर्यंत रुचलं नाही. नोबेल समितीला मात्र १९०३ मध्ये पटलं. जेमतेम पास झालेला माणूस रसायनशास्त्राचं नोबेल घेऊन आला. ‘जवळजवळ दुप्पट’ मधल्या त्या ‘जवळजवळ’ची उकल १९२३ मध्ये पेटर डेबाय आणि एरिख ह्युकेल यांनी केली: मीठ पूर्णच फुटतं, पण विरुद्ध भारांचे आयन एकमेकांना ओढून धरतात, म्हणून ते पुरते मोकळे वागत नाहीत.

या सगळ्या भांडणातून जो हिशेब उरला, तो बाजारातल्या हिशेबापेक्षा अवघड नाही. ११.१ ग्रॅम कोरडं कॅल्शियम क्लोराइड म्हणजे ०.१ मोल. एक लिटर द्रावण केलं तर कॅल्शियम आयन ०.१ मोलर, क्लोराइड आयन ०.२ मोलर, कारण प्रत्येक रेणूमागे क्लोराइड दोन. ताळा करायचा तर भार मोजा: कॅल्शियमचा धनभार दुहेरी, म्हणून ०.१ गुणिले २. क्लोराइडचा एकेरी, म्हणून ०.२ गुणिले १. जमा ०.२, खर्च ०.२. कुठलंही क्षाराचं द्रावण या ताळेबंदाबाहेर जात नाही. बाटलीवरची चिठ्ठी मात्र नीट वाचावी. त्याच क्षाराने स्फटिकात दोन पाणी पकडून ठेवलं असेल, तर मोल १११ ग्रॅमचा न राहता १४७ चा होतो आणि न वाचता तोललं की द्रावण पाऊण पडतं.

हा हिशेब हृदयाशी भिडला तो लंडनमध्ये. युनिव्हर्सिटी कॉलेजमधले सिडनी रिंगर बेडकाचं हृदय शरीराबाहेर मिठाच्या पाण्यात धडधडतं ठेवत होते. १८८२ मध्ये ते हृदय छान चालत होतं, पण पुढे कळलं, की त्यांच्यासाठी द्रावण नळाच्या पाण्यात बनवलं गेलं होतं. ऊर्ध्वपातित पाणी घेतलं तर धडधड मंदावून थांबायची. नळाच्या पाण्यातला कॅल्शियम, मिठाच्या मानाने नगण्य वजनाचा, हृदयाला धडधडवत होता. वजनावर पाहिलं तर तो हिशेबात धरावा असाही नव्हता. कुठला आयन आणि किती, हा प्रश्न वैद्यकाने तेव्हा गांभीर्याने घेतला.

त्याआधी पन्नास वर्षं, ज्या १८३२ मध्ये गे-ल्युसाक मिठाने चांदी मोजत होते त्याच साली, स्कॉटलंडमधल्या लीथ बंदरात डॉ. थॉमस लाटा यांनी पटकीने आटलेल्या रोग्यांच्या शिरेत क्षारांचं पाणी सोडलं होतं. काही उठून बसले. पण किती मीठ रक्ताला सोसतं, हे सांगणारी मोजणी तेव्हा नव्हती. आज दवाखान्यात सलाइन लावलं, की टांगलेल्या बाटलीवर ०.९ टक्के लिहिलेलं असतं. लिटरमध्ये ९ ग्रॅम, भागिले ५८.४४, म्हणजे १५४ मिलिमोल. सोडियम १५४, क्लोराइड १५४, कण एकूण ३०८. रक्तात सोडियम साधारण १४० आणि क्लोराइड जेमतेम १०० च्या आसपास असतं. म्हणजे सलाइन सोडियममध्ये रक्ताच्या जवळ, क्लोराइडमध्ये बरंच वर. टक्क्यांत हे दिसत नाही. आयन सुटे करून मोजले की लगेच दिसतं.

शिरेतलं पाणी तोंडावाटे देण्याची गोष्ट मात्र आपल्या उपखंडात घडली. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली, सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या पिंपातल्या पाण्यात कालवून नातेवाइकांच्या हाती दिल्या. आपण तिला जलसंजीवनी म्हणतो. २००२ पासूनच्या पुडीवर एका लिटरसाठी लिहिलेलं असतं: मीठ २.६ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम.

ग्रॅम वाचून वाटतं, की ही मुळात साखरेची पुडी, मीठ नावाला. आता मोल करा. मिठाचे ४४.५ मिलिमोल. सायट्रेटचे सुमारे १०, पण त्यात प्रत्येकी तीन सोडियम, म्हणजे सोडियम ३०. दोन्हीकडचा मिळून सोडियम ७५. क्लोराइड मिठातून ४४.५ आणि पोटॅशियम क्लोराइडमधून २०, मिळून ६५. पोटॅशियम २०. आणि ग्लुकोज १३.५ भागिले १८०, म्हणजे ७५. वजनात ग्लुकोज मिठाच्या पाचपट, संख्येत मात्र सोडियम आणि ग्लुकोज बरोबरीत: ७५ ला ७५. आतड्याच्या पेशीत शिरताना ग्लुकोज सोडियमचा हात धरून आत जातं, असं रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्रागला मांडलं होतं, आणि त्या दोघांच्या पाठोपाठ पाणी जातं. दारातून माणसं आत घ्यायची असतील तर त्यांची वजनं जुळवून काय उपयोग, संख्या जुळायला हवी. भाराचा ताळाही करून पाहा: सोडियम ७५ आणि पोटॅशियम २० मिळून ९५ धन, क्लोराइड ६५ आणि तिहेरी भाराचं सायट्रेट १०, म्हणजे ३०, मिळून ९५ ऋण. एकूण कण २४५. आधीच्या पुडीत ते ३११ होते.

पुडीतही धोका खालच्या आकड्यात आहे. लिटरभर पाण्याऐवजी घरच्या पेल्यात, समजा २०० मिलीलिटरमध्ये, पुडी रिकामी केली तर सोडियम ७५ चा होतो ३७५. आटलेल्या पोराला ते समुद्राच्या पाण्याच्या दिशेने नेणं झालं. म्हणून ‘एक लिटर’ हे शब्द पुडीवर ठळक छापतात. ती मोलॅरिटीच्या सूत्रातली खालची ओळच आहे.

मोलाच्या कुळात अखेरची घडामोड अलीकडची. १९७१ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मापांत सातवं मूळ एकक म्हणून बसला, पण वजनाच्या आधाराने: १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू, तितके कण. मग सिलिकॉनचे किलोभर वजनाचे, जवळजवळ निर्दोष गोळे घासून, क्ष-किरणांनी त्यांच्यातले अणू मोजून, ती संख्या इतकी पक्की करण्यात आली, की २० मे २०१९ पासून मोलाला वजनाचा आधारच लागेनासा झाला. आता मोल म्हणजे ६०२२१४०७६ आणि त्यापुढे १५ शून्यं, एवढे कण. फक्त संख्या. आपल्या रुपयाचंही तसंच झालं. १९४० मध्ये त्यातली चांदी निम्मी केली, काही वर्षांत ती पुरतीच गेली, आणि रुपयाभार हे वजन राहिलं नाही. रुपया हा आकडा उरला.

शेवटी छटाकाकडे परतू. जुन्या चांदीच्या रुपयात १६५ ग्रेन शुद्ध चांदी असे, म्हणजे १०.६९ ग्रॅम. दहा रुपयांची १०६.९ ग्रॅम. चांदीचा मोल १०७.८७ ग्रॅमचा, तेव्हा दहा रुपये म्हणजे ०.९९ मोल चांदी. ते दहा रुपये आम्लात विरघळवून गे-ल्युसाकच्या रीतीने खाली बसवायचे, तर मीठ लागेल ५७.९ ग्रॅम. वाण्याकडून छटाकभर आणलं तर पुरेल आणि पुडीच्या तळाशी साधारण चार दशांश ग्रॅम उरेल. म्हणजे चिमूटभर.